पाट्याला शेंदूर

परवा माझा मुलगा नितीन गावाकडून आला तो हातात स्टीलचा डबा घेऊन. सुनेने डबा उघडून ताटात वाढलं, आणि ती पिवळी, दाणेदार, तेलात परतलेली मासोळीची अंडी पाहून मी ताटावरून उठले. सून म्हणाली, "आई, प्रसाद आहे. मासोरीमायचा. थोडा तर घ्या, ना मत बोलो." आमची सून गोंदिया शहरात वाढलेली, तिची अर्धी मराठी हिंदीतच असते. मी म्हटलं, "तुम्ही खा. मले नाही पाह्यजे." नितीन हसला. ढिवराची, म्हणजे मासेमाराची पोरगी, तलावाच्या काठावर वाढलेली, आणि अंड्यांना नाक मुरडते, ही आमच्या घरातली जुनी थट्टा आहे. मी ती मुकाट्याने ऐकून घेत आले. नाक मुरडण्याइतकं ते साधं नाही बाबांनो. आता वय झालं, उद्या सांगायला असेन नसेन, म्हणून एकदाचं लिहून टाकते. जेवता जेवता वाचू नका म्हणजे झालं.

आमचं घर तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बंधाऱ्याखाली होतं. नवेगाव बांधचा तो मोठा, लोक पाहायला येतात तो तलाव आमचा नव्हे. आमचा गावापुरता, पाळीवर मोहाची झाडं असलेला, उन्हाळ्यात अर्धा आटून जाणारा. पाळीतून पाणी झिरपायचं आणि त्याचा आवाज घराच्या मागच्या भिंतीला सारखा ऐकू यायचा. सकाळी बाबा अंगणात जाळं झटकायचे, त्यातून बारके मासे नि शेवाळ उडून भिंतीला चिकटायचं, माय ओरडायची, आणि मग स्वयंपाकघरातून तिच्या पाट्याची घरघर सुरू व्हायची. माय मासोळीला मसाला वाटायची तो जवस, लसूण, सुकी मिरची असा. वर अंबाडीची आंबट भाजी घालायची. तो वास आला की मी शाळेचं दप्तर फेकून चुलीपाशी बसायची. मासोळीचा मला कधीच कंटाळा नव्हता, हे मुद्दाम सांगते, नाहीतर म्हणाल बाई पहिल्यापासूनच नाजूक होती.

पाटा मायच्या माहेरचा होता. चिचगडच्या जंगलातलं तिचं माहेर. लग्नात तिच्या आईने दुसरं काही द्यायला नव्हतं म्हणून घरातला काळाशार पाटाच बैलगाडीत घालून दिला. त्याच्या एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता. मायचा धाकटा भाऊ, माझा किसनमामा, लहानपणी पाट्यावर चारोळ्या फोडत बसला होता. त्याने दगड असा काही हाणला की चारोळी राहिली बाजूला आणि पाट्याचाच कोपरा उडाला. त्याबद्दल त्याच्या पाठीत कसे धपाटे बसले ते माय दर वेळी मसाला वाटताना सांगायची. मामा पुढे तिकडे भांडून आमच्याच गावी येऊन राहिला. त्याला काम म्हटलं की ताप यायचा. जाळं विणायला बसला की झोपायचा, पण जेवायला हाक मारायची गरज कधी पडली नाही.

आता तलावाचं सांगते. आषाढात भाताच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, भरल्या आणि नाला धावू लागला की तलावातली मासोळी, तिला आम्ही मासोरी म्हणतो, उलट्या धारेने वर चढते. वरच्या बांध्यांतल्या उथळ पाण्यात तिला अंडी घालायची असतात. नाला जिथे तलावात उतरतो त्या जागेला आम्ही तोंड म्हणायचो. तेवढं तोंड ओलांडून ती वर गेली की पुढच्या वर्षीचे मासे झाले म्हणून समजा. पण तिला ओलांडू देणार कोण? सगळं गाव तिथेच उभं. मच्छरदाण्या, जुनी लुगडी, विळे, काठ्या, जे हाती लागेल ते घेऊन. मासोळी पकडायची, अंगठ्याने पोट दाबायचं आणि अंडी बादलीत पिळायची. पिळून रिकामी झालेली मासोळी तिथेच चिखलात फेकायची, ती तोंड उघडत-मिटत पडून राहायची. चिखलात अंडी सांडून असा बुळबुळीतपणा यायचा की पाय ठेवला की पचकन आवाज व्हायचा. वर कावळे, खाली कुत्री, आणि मधे माझ्या गावची शहाणी माणसं हसत, एकमेकांच्या बादल्यांत डोकावत. शी!

बाबा मच्छीमारांच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. अध्यक्ष म्हणजे काय, तर भांडण झालं की ज्याला आधी शिव्या पडतात तो. दर वर्षी मासे कमी होत होते. ज्या मासोळ्या बाबांनी लहानपणी खाल्ल्या त्यांची नावं आम्हाला नुसती ऐकून माहीत होती. तलाव रिकामा झाला तर पाळीखालच्या आम्हा सगळ्या घरांना उठून कुठे विटा वाहायला जावं लागेल, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी तोंडावर उभं राहून हात जोडले. "अरे, चढनीची मासोरी सोडा गा. गाभन गाय कोनी कापते काय?" त्यावर एकाने पाण्यातूनच विचारलं, "हरी, मासोरीले गाय करून रायला का गा तू?" झालं, सगळे खिदळले. दुसरा म्हणाला, "मी नाही पकडली तं हा पकडन. मंग मीच काऊन सोडू?" बाबा घरी आले, जेवले नाहीत, आणि त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात ते खूळ शिरलं.

एके दिवशी सकाळी माय मसाला वाटायला बसते तर पाटा नाही. बाबा अंगणात त्याला शेंदूर फासत बसले होते. "माझा पाटा कायले नेता?" मायने विचारलं. बाबा म्हणाले, "माणसाले कोनी भेत नाही वो. देवाले भेतीन." त्यांनी पाटा तोंडाजवळ मोहाच्या झाडाखाली नेला, वाटून वाटून खोल झालेली बाजू मागे केली, अर्धा जमिनीत गाडला, आणि गावात येऊन सांगितलं की स्वप्नात मासोरीमाय आली होती. म्हणाली, चढण चालू असेपर्यंत माझ्या तोंडात जाळं घालू नका. हे खरं काय ते आम्हा तिघांना ठाऊक होतं, आणि चौथे रायभानकाका. रायभानकाका बाबांचे शाळासोबती, बौद्ध टोलीतले, म्हणजे वस्तीतले, त्यांच्या भाताच्या बांध्या नाल्याला लागूनच होत्या. ते बाबांना माझ्यासमोर म्हणाले, "हरी, हे बरोबर नाही करून रायला तू. ज्याले सेंदूर लावशीन त्याले लोक काही ना काही मागतीन. मागतीन तं मंग देतीनही. त्यापेक्षा काठी घेऊन आपन दोघं बसू." बाबांनी ऐकलं नाही. हुशार माणसाला आपली युक्ती फार गोड वाटते.

आणि युक्ती लागू पडली की हो! त्या वर्षी तोंडावर कोणी फिरकलं नाही. मासोळी निवांत वर चढली. मी आणि माय लांबून पाहत होतो, पाण्यात नुसत्या पाठी चमकत होत्या. भाद्रपदात बांध्यांतून इतकी पिल्लं खाली तलावात उतरली की पाणी थरथरताना दिसायचं. पुढच्या हिवाळ्यात जाळं ओढताना बाबांना हाताखाली माणसं घ्यावी लागली. घरात रोज मसाला, मायने आता शेजारणीचा पाटा मागून आणलेला, आणि बाबा जेवताना गुणगुणायचे. माझ्या आठवणीत बाबा गुणगुणत होते ते तेवढं एकच वर्ष.

पण गावाने काय म्हणावं? मासोळीला अंडी घालू दिली म्हणून मासे वाढले, असं एकाही शहाण्याला वाटलं नाही. मासोरीमायने दिले! झालं. मग नारळ आले, हिरव्या बांगड्या आल्या, झाडाला चिंध्या बांधल्या गेल्या. कोणाच्या सुनेला दिवस राहिले, तेही मायनेच दिले. आणि मग आमच्या किसनमामाला, ज्याला आयुष्यात कशाचं वारं लागलं नव्हतं, त्याच्या अंगात येऊ लागलं. केस मोकळे सोडून तो घुमायचा आणि ओरडायचा, "माय म्हंते, पोट भरून पाह्यजे तं मले भरल्या पोटाची मासोरी पाह्यजे!" लोकांना ते पटलं. मासोळीची देवी, तिला मासोळीच चालणार, आणि मूल मागायचं तर अंड्यांची. जाळं घालायचं नाही हे सगळे विसरले. मासोरीमायसाठी घालायला काय हरकत आहे? माणसाच्या जिभेला हवं ते देवाच्या नावावर मागायला किती सोपं असतं पाहा. बाबा त्या दिवशीच बोलले असते तर बरं झालं असतं, पण ते गप्प राहिले. म्हणाले, थंडावेल.

थंडावतंय कसलं! पुढच्या आषाढात तोंडावर जत्रा भरली. चिवडा-भजीची दुकानं, भोंगा, आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या. पूर्वी आपलंच गाव लुटायचं, आता दहा गावं लुटायला आली, आणि वर पुण्य. नाल्यात आडवी जाळी बांधलेली, एक मासोळी वर जाणार नाही अशी. लोक तिथल्या तिथे पोटं फाडून अंडी काढत आणि मायच्या पाट्यावर वाहत. शेंदूर आणि अंडी मिसळून दगडावरून एक लालपिवळा लगदा ओघळत होता. त्यावर माश्या घोंगावत होत्या. काल वाहिलेली अंडी उन्हाने आंबली होती, त्याच्या वासाने डोळे चुरचुरायचे, आणि लोक त्याच जागी पंगतीला बसून भात कालवत होते. मूल नसलेल्या बाया रांगेत उभ्या होत्या. मामा त्या लगद्यातून चिमूटभर उचलून त्यांच्या तोंडात घालायचा, कच्चंच. एक बाई डोळे मिटून गिळत होती आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. तिच्याकडे पाहून मला आधी रडू आलं आणि मग मामाचा संताप आला.

मी तेव्हा नुकती न्हातीधुती झाले होते. मामाने मला पाहिलं आणि हाताला धरून पुढे ओढलं. "खा पोट्टे, उद्या लगीन झालं का तुयी ओटी भरन." मी तोंड गच्च मिटलं. त्याने दोन बोटांनी माझे गाल दाबले, अगदी मासोळीचं पोट दाबावं तसे, आणि तो गिळगिळीत, आंबट, कुजका घास आत कोंबला. दाणे दाताखाली फुटले. मी तिथेच, पाट्यावरच, भडाभडा ओकले. भोंगा बंद झाला. मामा घुमायला लागला, "बाटवली! मायले बाटवली! आता हिच्या बापानं आपल्या हातानं टोपलंभर भरल्या पोटाची मासोरी कापून मायले द्यावी, नाही तं गावावर कोप होईन!" लोकांनी बाबांना पुढे आणलं. कोणीतरी त्यांच्या हातात विळा दिला, कोणीतरी पायाशी टोपलं ठेवलं. टोपल्यात मासोळ्या फुगल्या पोटांनी एकमेकींवर सरपटत होत्या. त्यांच्यासाठीच बाबांनी हा सगळा उपद्व्याप केला होता. आता त्या कापायच्या, नाहीतर गावाने आपल्याला आणि आपल्या पोरीला वाळीत टाकायचं.

बाबांनी विळा खाली ठेवला. म्हणाले, "हा देव नोहोय. माझ्या घरचा पाटा होय. मीच गाडला, मीच सेंदूर फासला. मासोरी वाचावी म्हनून." आणि त्यांनी दोन्ही हातांनी दगड हलवून उपटला आणि उलटा केला. मागची वाटून खोल झालेली बाजू सगळ्यांना दिसली. मला वाटलं, आता संपलं, आता लोक मामाला नाल्यात फेकतील. मग एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "बाप्पा! माय पाट्यात आली! हरी, तुह्या घरी होती गा माय, अन तुले मालूम नाही!" लगेच दुसऱ्याने नारळ फोडला. खरं सांगितलं तर त्याचाही प्रसाद झाला. बाबांच्या तोंडाकडे मला पाहवेना.

तेव्हा माझी माय पुढे आली. ती एरवी चारचौघांत बोलणारी नव्हती. तिने पदर खोचला, पाट्याच्या कोपऱ्यावरचा लगदा हाताने पुसला आणि टवका उडालेला तो कोपरा मामाला दाखवला. "किसन्या, हा कोनाच्या हातचा होय? चारोऱ्या फोडताना कोनं पाडला? पाठीत धपाटे कोनं खाल्ले?" मामाचं घुमणं थांबलं. त्याने केस मागे सारले. माय म्हणाली, "तू पयल्याच दिसी ओरखला होता ना रे?" आणि माझा मामा, ज्याच्या अंगात देवी येत होती, तो इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "बाई, आता राहू दे ना वो. लोक मानून रायले." मी अगदी जवळ उभी होते, मी स्वतः ऐकलं. त्याला सगळं ठाऊक होतं. चुंबळ घ्यायलाही न थांबता मायने तो पाटा तसाच डोक्यावर घेतला आणि घराकडे चालू लागली. कोणी अडवलं नाही. उलट वाटेत बाया वाकून नमस्कार करत होत्या, तिला नव्हे, पाट्याला. घरी येऊन तिने राख घेतली आणि पाटा घासला, घासला, संध्याकाळपर्यंत घासत राहिली.

तुम्हाला वाटेल, इथे गोष्ट संपली. छे! दुसऱ्याच दिवशी मामाने नाल्यातला एक गोटा आणून त्याच खड्ड्यात बसवला. देव जागेत असतो म्हणे, दगडात नव्हे. त्या वर्षी एकही मासोळी वर गेली नाही. हिवाळ्यात बाबांचं जाळं रिकामं निघालं आणि पाळीखालची दोन घरं कुलूप लावून निघूनही गेली. बाबा पाळीवर नुसते बसून असायचे. शेवटी एक दिवस रायभानकाका आले, अंगणात उकिडवे बसले आणि म्हणाले, "हरी, देव तोंडावर हाये ना? राहू दे. आपन तोंडच बदलवू. पानी माझ्या बांधीतून घेऊ."

उन्हाळाभर त्या दोघांनी खणलं. रायभानकाकांच्या बांध्यांचे बांध फोडून नाल्याला तिथून वाट करून दिली आणि जुन्या तोंडाकडची वाट मातीने बुजवली. धार बांध्यांतून जाणार म्हणजे त्यांच्या वरच्या बांध्यांतले धानाचे परहे, म्हणजे रोपं, वाहून जाणार, हे त्यांना माहीत होतं. काकू त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. मामा चार माणसं घेऊन आला. "मायचा पानी वळवून रायले तुमी?" रायभानकाका फावड्यावर रेलून म्हणाले, "माझ्या वावरात मी पानी घेतो. तुह्या मायले काही म्हनाचं असन तं माझ्या सपनात पाठव." त्यांच्या स्वप्नात कोणी आलं नाही. आषाढ लागला, नाला धावला, आणि लोक बादल्या घेऊन जुन्या तोंडावर मासोरीमायसमोर उभे राहिले. तिथे पाय ओला होईल इतकंही पाणी नव्हतं. मासोळी पलीकडून, काकांच्या वावरातून चढत होती. बांधावर काका आणि बाबा काठ्या घेऊन बसले होते, आणि दुसऱ्याच्या वावरात जाळं घेऊन शिरायची कोणाची छाती झाली नाही. पाच-सहा वर्षांत तलाव पुन्हा भरला. बाबा जिवंत असेपर्यंत पहिली मासोळी रायभानकाकांच्या घरी जायची. अंडी नसलेली.

काकांचा मुलगा आजही चढणीच्या दिवसांत बांधावर बसतो. जुन्या तोंडावर आता टिनाचं शेड आहे, रंग दिलेला आहे, लोक मोबाईलवर चित्रं काढतात. मामा गेला, त्याचा मुलगा पुजारी आहे. पाणी नाही, मासोळी नाही, पण नवस थांबलेले नाहीत. भरल्या पोटाची मासोळी आता शहरातल्या बाजारातून जाते, आंध्रातून थर्माकोलच्या पेटीत बर्फात आलेली. तीच वाहतात, तीच परततात, आणि तोच प्रसाद डब्यात बसून माझ्या घरी येतो.

परवा मी ताटावरून उठून स्वयंपाकघरात गेले. माय गेली तेव्हा वाटणीत मी फक्त पाटा मागितला होता. सुनेकडे मिक्सर आहे, तिला तो अडचण वाटतो. मी त्यावर लसूण, मिरची आणि जवस घेतला आणि वाटायला बसले. पाटा ओला झाला की त्याच्या बारीक छिद्रांतून अजून थोडं लाल उमटतं. मायने राखेने घासूनही गेलं नाही ते. नितीन डबा हातात घेऊन दारात उभा राहिला. "आई, नको खाऊ. पण मासोरीमायचं आहे, निदान पाया तरी पड."

मी सरकून त्याला जागा केली आणि पाट्यावर हात ठेवला. म्हटलं, "ये, बस इथे. हिच्याच पाया पड. अन मंग लसूण सोलून दे."